स्वॅम्प डॉग ऐकलाय का कुणी? (सोल संगीत, लांबण लागणार आहे)

गच्चीवरचा रेडिओ

सोल, म्हणजे चर्चच्या गाण्यातून आलेलं अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचं संगीत, म्हटलं की आपल्याकडे ओटिस रेडिंग, अरेथा फ्रँकलिन, मार्विन गे, फार तर अल ग्रीन, इथवर गाडी येते आणि थांबते. त्यात चूक काहीच नाही, ती माणसं मोठीच आहेत. पण त्यांच्या मागच्या रांगेत जे लोक बसलेत ना, स्वतः गाणारे, दुसऱ्यांना गाणी लिहून देणारे, स्टुडिओत बसून रेकॉर्ड तडीस नेणारे, त्यातला एक माणूस मला गेली काही वर्षं सोडत नाहीये आणि त्याच्याबद्दल मराठीत कुणी काही लिहिलेलं मला तरी सापडलं नाही, म्हणून हा धागा.

नाव जेरी विल्यम्स ज्युनियर. जन्म १२ जुलै १९४२, पोर्ट्समथ, व्हर्जिनिया. पहिली रेकॉर्ड १९५४ ची, म्हणजे वय वर्षं अकरा-बारा, घरचीच मंडळी साथीला घेऊन केलेली, गाणं 'एचटीडी ब्लूज'. बारा वर्षांचं पोरगं त्यात परिस्थितीने गांजल्याचं रडगाणं गातंय, आता काय बोलणार. पुढे दहा-बारा वर्षं 'लिटल जेरी' नावाने सिंगल्स, म्हणजे एकेका गाण्याच्या रेकॉर्ड, काढत राहिला. १९६४ चं 'आय'म द लव्हर मॅन' थोडं चाललं, १९६६ चं 'बेबी यू आर माय एव्हरीथिंग' कृष्णवर्णीय श्रोत्यांच्या आर अँड बी चार्टवर बऱ्यापैकी चढलं. व्यवस्थित सूट घातलेला, प्रेमगीतं गाणारा तरुण. असे तेव्हा अमेरिकेत पैशाला पासरी होते.

मग तो न्यूयॉर्कला म्युझिकॉर कंपनीत लागला, कलाकार शोधणं, त्यांना गाणी देणं, रेकॉर्डिंग करून घेणं हे काम. तिथे चार्ली फॉक्सबरोबर लिहिलेलं 'शी'ज अ हार्टब्रेकर' जीन पिटनीने १९६८ मध्ये गायलं आणि ते अमेरिकेच्या मुख्य चार्टवर १६ व्या नंबरपर्यंत गेलं. नंतर अटलांटिकमध्ये प्रोड्यूसर. कमोडोर्स हा बँड, ज्यातून पुढे लायनेल रिची आला, त्यांची अटलांटिकवरची १९६९ ची अगदी सुरुवातीची रेकॉर्ड यानेच केली.

आणि १९७० मध्ये हा माणूस एकदम नाव बदलून 'स्वॅम्प डॉग' झाला. दलदलीतला कुत्रा! दक्षिणेतल्या चिखलमातीच्या संगीताला तेव्हा स्वॅम्प म्युझिक म्हणायला लागले होते, तिथून स्वॅम्प. आणि कुत्र्याने काहीही केलं तरी लोक चालवून घेतात, म्हणून डॉग, असं तो स्वतः सांगतो. लिटल जेरीला जे बोलता येत नव्हतं, म्हणजे वंशभेद, युद्ध, लफडी, दारू, देव, राजकारण, ते सगळं या कुत्र्याच्या तोंडी घालायचं. पहिला अल्बम 'टोटल डिस्ट्रक्शन टू युवर माइंड'. बाकी पुढे लिहितो, आधी बघू कुणाला इंटरेस्ट आहे का.

चहाबाज

इंटरेस्ट आहे पण आधी हे सांगा, मी आत्ता फोटो शोधले तर एका अल्बमच्या कव्हरवर हा माणूस भल्यामोठ्या पांढऱ्या उंदरावर घोड्यासारखा बसलाय, दोन्ही हात वर. हे काय आहे??? जेवताना बघितलं, वरणभात तसाच राहिला.

गच्चीवरचा रेडिओ

हाहा, तो 'रॅट ऑन!', १९७१, इलेक्ट्रा कंपनी. जगातल्या सगळ्यात वाईट कव्हरांच्या याद्या निघतात त्यात हे हमखास असतं, आणि गंमत म्हणजे बऱ्याच लोकांना त्याची ओळख तिथूनच होते. माझीही तशीच झाली. कव्हर बघून हसायला म्हणून लावलं आणि पहिल्या दोन गाण्यांत हसू बंद झालं. कारण गाणं अजिबात विनोदी नाहीये हो. हॉर्न सेक्शन (ट्रम्पेट, सॅक्सोफोनवाले), ऑर्गन, ढोल्या बास, आणि वर हा उंच, थोडा चिरका, ताणून गाणारा आवाज. बी जीजचं एक गाणं घेतलंय, मिकी न्यूबरीचं एक घेतलंय, आणि त्याच अल्बमवर 'गॉड ब्लेस अमेरिका फॉर व्हॉट' पण आहे. देव अमेरिकेचं भलं करो, पण कशाबद्दल? १९७१ मध्ये, व्हिएतनाम युद्ध चालू असताना, एका काळ्या माणसाने, मोठ्या कंपनीच्या रेकॉर्डवर. इलेक्ट्राबरोबर पुन्हा अल्बम झाला नाही.

शंकासुर

नेहमीप्रमाणे अडाणी शंका. हा गायक, गीतकार, की रेकॉर्ड काढणारा शेठ? आपल्याकडे चाल लावणार संगीतकार, लिहिणार गीतकार, पैसे टाकणार निर्माता, वादकांना सांभाळणार अरेंजर. एकटा माणूस नक्की काय काय करत होता तिथे?

तबकडी

शंकासुर, शंका रास्त आहे. त्या काळातल्या सोलच्या धंद्यात प्रोड्यूसर म्हणजे थोडक्यात रेकॉर्डची सगळी जबाबदारी ज्याच्या डोक्यावर तो. गायक शोध, त्याच्या गळ्याला बसेल असं गाणं शोध किंवा रात्रीतून लिही, स्टुडिओ ठरव, वादक बोलाव, कुठली टेक ठेवायची ते ठरव, मिक्स करून टेप हातात घे आणि मग कंपन्यांची दारं वाजव की घेता का. मोठ्या कंपनीत पगारी प्रोड्यूसर असायचे, पण जेरी विल्यम्ससारखे स्वतंत्र लोक टेप आधी बनवायचे आणि नंतर विकायचे. छोट्या कंपनीने घेतली तर आगाऊ रक्कम थोडी आणि कंपनी कधी बुडेल नेम नाही. याची 'टोटल डिस्ट्रक्शन' ज्या कॅन्यन कंपनीने काढली ती लॉस एंजेलिसची कंपनी एक-दोन वर्षांतच आटोपली.

त्यामुळे हे लोक एकाच वेळी पाच-सहा गायकांबरोबर काम करायचे. १९७० ते ७३ च्या आसपास याच्या हाताखालून गेलेली नावं बघा: डोरिस ड्यूक, फ्रेडी नॉर्थ, झेडझेड हिल, सँड्रा फिलिप्स, अर्मा थॉमस. आणि मधल्या वेळात स्वतःचे अल्बम.

बेसगिटारवाला

माझा विषय आला म्हणून घुसतो. 'टोटल डिस्ट्रक्शन' जॉर्जिया राज्यातल्या मेकन गावात कॅप्रिकॉर्न स्टुडिओत झालाय. मेकन म्हणजे ओटिस रेडिंगचं गाव, आणि स्टुडिओ ओटिसचा मॅनेजर फिल वॉल्डनचा. ओटिस १९६७ च्या डिसेंबरमध्ये विमान अपघातात गेला, त्यानंतर वॉल्डनने हा स्टुडिओ चालू केला. तिथले वादक बघा: ड्रम्सवर जॉनी सँडलिन, कीबोर्डवर पॉल हॉर्न्सबी, गिटार पीट कार, बास रॉबर्ट पॉपवेल. सँडलिन, हॉर्न्सबी आणि कार हे तिघं आधी 'आवरग्लास' बँडमध्ये होते, ड्वेन आणि ग्रेग ऑलमनबरोबर. म्हणजे जे लोक सदर्न रॉक, दक्षिणेतलं रॉक संगीत, उभा करत होते तेच या सोल रेकॉर्डला वाजवतायत, पॉपवेल सोडला तर गोरे.

आणि पॉपवेलचा बास ऐकाच. शीर्षकगीत सुरू झाल्यावर बास कुठेही शांत बसत नाही, पण गाणाऱ्याच्या पायात पण येत नाही. मी घरी बसवायचा प्रयत्न केला, स्वर सापडतात, झोक सापडत नाही. इअरफोनवर ऐकू नका, नीट स्पीकरवर ऐका एवढंच सांगेन.

निमा

रेडिओ, तुम्ही डोरिस ड्यूकबद्दल लिहिणार होतात का? नसाल तर मी लिहिते, कारण मला स्वॅम्प डॉग तिच्यामुळे कळला, उंदरामुळे नाही ;)

डोरिस मूळची जॉर्जियातल्या सँडर्सव्हिलची, चर्चमधल्या गॉस्पेल गटांत गाऊन तयार झालेली. न्यूयॉर्कला येऊन पार्श्वस्वर देण्याची कामं करायची, म्हणजे पुढे कुणीतरी स्टार उभा आणि मागे माइकपाशी तीन बायका, त्यातली एक. १९६९-७० मध्ये जेरी विल्यम्सने तिला घेऊन अख्खा अल्बम केला, 'आय'म अ लूजर'. बहुतेक गाणी त्याने आणि गॅरी यूएस बाँड्स या गायक-गीतकाराने मिळून लिहिलेली, स्टुडिओ परत मेकनचाच. मोठ्या कंपन्यांनी नको म्हणून सांगितलं, शेवटी कॅन्यनने काढला.

त्यातलं 'टू द अदर वुमन' आर अँड बी चार्टवर ७ व्या नंबरला गेलं. लग्न झालेल्या पुरुषाच्या आयुष्यातली दुसरी बाई स्वतः बोलतेय. अशी गाणी तेव्हा भरपूर होती पण त्यात एकतर रडणं असतं किंवा ठसका. इथे दोन्ही नाही. ती शांतपणे हिशोब मांडल्यासारखी सांगते. 'डिव्होर्स डिक्री' ऐका, 'घोस्ट ऑफ मायसेल्फ' ऐका, आणि 'आय डोन्ट केअर एनीमोअर' मात्र रात्री एकटं असताना ऐकू नका, मी सांगितलं नाही म्हणू नका. पूर्ण अल्बमभर एकच बाई आहे असं वाटत राहतं, जिचं सगळं एकेक करून सुटत गेलंय. डेव्ह गॉडिन नावाचे एक इंग्लिश लेखक होते, डीप सोल (संथ, काळजातून गायलेला सोल) हा शब्द रुळवणारे, त्यांनी या अल्बमला आजवरच्या सर्वोत्तम डीप सोल अल्बमचा मान दिला होता.

आणि यातली बहुतेक गाणी लिहिली कुणी तर दोन पुरुषांनी. मला हे अजून पचत नाही, चांगल्या अर्थाने.

शंकासुर

निमा, डोरिस ऐकली. ऑफिसात ऐकली ही चूक झाली.

पुढची शंका. कंपनी बुडाली, अल्बम मोजक्या लोकांनी घेतले, उंदराला लोक हसले. मग हा माणूस जगला कशावर? कारण विकिवर बघतो तर २०२० नंतर पण अल्बम काढतोय!

तबकडी

याचं उत्तर मजेशीर आहे. एका गोऱ्या कंट्री गायकाने (कंट्री म्हणजे अमेरिकेतलं ग्रामीण वळणाचं संगीत) गायलेल्या गाण्यावर.

झालं असं की विल्यम्स आणि बाँड्सने 'शी'ज ऑल आय गॉट' नावाचं गाणं लिहिलं, की बाबा सगळं ने पण हिला नेऊ नकोस, माझ्याकडे एवढीच आहे. आधी १९७१ मध्ये फ्रेडी नॉर्थने सोलमध्ये गायलं, विल्यम्सनेच प्रोड्यूस केलेलं, आर अँड बीत पहिल्या दहात. फ्रेडी नॉर्थ नॅशव्हिलमध्येच रेकॉर्ड कंपनीत नोकरी करायचा, आणि नॅशव्हिल म्हणजे कंट्रीची राजधानी, तिथे हे गाणं हवेत होतंच. त्याच वर्षी जॉनी पेचेकने कंट्रीमध्ये गायलं आणि ते कंट्री चार्टवर २ नंबरला. मग हे गाणं कंट्रीवाल्यांच्या नेहमीच्या गाण्यांत जाऊन बसलं, कित्येकांनी गायलं. १९९६ मध्ये ट्रेसी बर्डने परत गायलं, परत पहिल्या पाचात.

आता पैशाचं गणित. अमेरिकेत रेडिओवर गाणं लागलं की पैसे मिळतात ते गाणं लिहिणाऱ्याला आणि त्याच्या पब्लिशरला, म्हणजे गाण्याचे हक्क सांभाळणाऱ्याला. गायकाला रेडिओवरून दमडी मिळत नाही, आजही नाही. आणि रेकॉर्ड विकली की लिखाणाचा ठरलेला दर, तो १९०९ च्या कायद्यापासून १९७७ संपेपर्यंत एका गाण्याला एका रेकॉर्डमागे २ सेंट होता, त्यात पब्लिशर आणि लेखक वाटेकरी. दोन सेंट म्हणजे काहीच नाही वाटतं, पण देशभरातली कंट्री स्टेशनं वर्षानुवर्षं तेच गाणं लावतायत म्हटल्यावर काय होत असेल बघा. पेचेक गात राहिला, चेक स्वॅम्प डॉगच्या घरी येत राहिला.

शंकासुर

हे भारी आहे. आपल्याकडे याच रॉयल्टीवरून लता आणि रफी काही वर्षं एकत्र गायले नव्हते. आणि गीतकार-संगीतकारांच्या रॉयल्टीला कायद्याचं नीट बळ यायला २०१२ ची दुरुस्ती उजाडावी लागली.

नॉरफोकची काकू

मी बरीच वर्षं नॉरफोकला राहते, पोर्ट्समथ म्हणजे आमच्या नदीपलीकडे, बोगद्यातून गेलं की आलंच. धागा बघून उडालेच! इथे आम्हाला पोर्ट्समथ माहीत ते नौदलाच्या गोदीमुळे, आणि मुलांच्या पिढीला रॅप गाणाऱ्या मिसी एलियटमुळे, तीही तिथलीच. याचं नाव मी कुणाच्याच तोंडी ऐकलं नव्हतं, आता शेजारच्या एका वयस्क कृष्णवर्णीय आजोबांना विचारलं तर म्हणाले हो, लिटल जेरी ना!! ते स्वॅम्प डॉग नाव त्यांना धड माहीत नव्हतं.

कंट्रीचं जे तबकडी म्हणतायत त्यात एक भर घालते. आपल्याला वाटतं कंट्री म्हणजे गोऱ्यांचं, सोल म्हणजे काळ्यांचं. पण जेरीच्या लहानपणी इथल्या रेडिओवर दिवसभर कंट्रीच लागायचं, तेच ऐकत मोठा झालो असं त्याने मुलाखतींत बऱ्याचदा सांगितलंय. माझ्या गाण्यातले हॉर्न काढून टाका, खाली कंट्रीच सापडेल, अशा अर्थाचं पण बोलतो. म्हणजे पेचेकने ते गाणं उचललं तेव्हा फार काही बदलावं लागलं नसणार. आजोबांनी पण मान डोलावली, म्हणाले आम्ही घरी कंट्रीवाला हँक विल्यम्स ऐकायचो, बाहेर सांगायचो नाही. :)

चहाबाज

काकू, आजोबांना नमस्कार सांगा.

तो देव-अमेरिका-कशाबद्दल गाण्याचा किस्सा पूर्ण करा ना कुणीतरी. मी वाचलं की राष्ट्राध्यक्ष निक्सनच्या शत्रूंच्या यादीत नाव होतं वगैरे?

गच्चीवरचा रेडिओ

निक्सनच्या यादीचं आणि एफबीआयचं तो स्वतः रंगवून सांगतो, आणि स्वॅम्प डॉगच्या सांगण्यातून मीठमसाला किती वेगळा काढायचा ते ज्याचं त्याने ठरवावं, माणूस गोष्ट सांगण्यात बादशहा आहे. पक्कं आहे ते हे की १९७१ मध्ये जेन फोंडा आणि डोनाल्ड सदरलँड यांनी सैनिकांसाठी युद्धविरोधी कार्यक्रम सुरू केला होता, एफटीए नावाचा, त्यात हा होता. सरकारी खर्चाने बॉब होप हा विनोदवीर सैनिकांना हसवायला जायचा, त्याला उत्तर म्हणून लष्करी तळांच्या जवळच्या गावांत, कॉफीहाऊसमध्ये हे लोक कार्यक्रम करायचे. इलेक्ट्राने आपल्याला यापायीच काढलं असं त्याचं म्हणणं आहे.

निमा

सगळे त्याच्या हुशारीचं कौतुक करताय, मी थोडं वाकडं बोलते. रेडिओवर गायकाला दमडी नाही, लिहिणाऱ्याला सगळं, हे ज्या व्यवस्थेमुळे स्वॅम्प डॉगला तारलं त्याच व्यवस्थेत डोरिस ड्यूक बसली कुठे? 'आय'म अ लूजर'ची गाणी त्याची आणि बाँड्सची, टेप त्याची, ती फक्त गायली. फक्त! कंपनी बुडाल्यावर ती पुढच्या कामासाठी परत त्याच्याच दारात. १९७१ ला दुसरा अल्बम झाला त्याच्याबरोबर, १९७५ ला एक इंग्लंडच्या कंपनीसाठी, आणि ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला तिने गाणंच सोडलं. २०१९ मध्ये गेली, तेव्हा किती ठिकाणी बातमी आली असेल अंदाज करा.

अर्मा थॉमसचं पण तेच. न्यू ऑर्लीन्सची एवढी मोठी गायिका, १९६९ च्या कमील वादळानंतर कॅलिफोर्नियाला जाऊन दुकानात नोकरी करत होती. त्या काळात स्वॅम्प डॉगने तिच्याबरोबर १९७३ चा 'इन बिट्वीन टिअर्स' केला. अल्बम अप्रतिम आहे, तिच्या स्वतःच्या जुन्या गाण्याआधी ती लांबलचक बोलते, बायकांशी गप्पा मारल्यासारखी, ते ऐकण्यासारखं आहे. पण चालला नाही. ती नंतर गावी परतली आणि स्वतःच्या बळावर परत उभी राहिली, तिला ग्रॅमी मिळालं ते पार २००७ मध्ये.

गच्चीवरचा रेडिओ

निमा, तुझं बरोबर आहे आणि मी तो भाग हळूच बाजूला ठेवत होतो हे मान्य. दोन गोष्टी फक्त. एक, दोष व्यवस्थेचा जास्त आणि माणसाचा कमी असं मला वाटतं, कारण ज्या गायिकांना मोठ्या कंपन्या दारात उभं करत नव्हत्या त्यांच्यासाठी अख्खे अल्बम करणारा हाच होता. सिंगल नव्हे, अख्खे अल्बम, सलग गोष्ट सांगणारे. दोन, तो स्वतः पण त्याच खड्ड्यात पडून शिकलाय. लिटल जेरी म्हणून गायला तेव्हा त्यालाही कुणी हिशोब दाखवत नव्हतं. म्हणून मग स्वतःची कंपनी काढ, टेपा स्वतःकडे ठेव हा हट्ट. आज त्याचे, डोरिसचे, सँड्राचे जुने अल्बम परत विकत मिळतात ते या हट्टामुळे. २०१३ मध्ये कॅलिफोर्नियाच्या अलाइव्ह कंपनीने 'टोटल डिस्ट्रक्शन' आणि 'रॅट ऑन!' परत काढले आणि नवी पिढी त्याच्यापर्यंत आली.

घरचा हिशोब मात्र बायको बघायची, इव्हॉन. धंद्यातलं डोकं तिचंच होतं असं तो उघड सांगतो. ती २००३ मध्ये गेली. त्यानंतरच्या त्याच्या मुलाखती ऐकल्या तर कुठलाही विषय फिरून तिच्यावर येतो.

निमा

'त्यालाही कुणी हिशोब दाखवत नव्हतं' यावरून त्याने डोरिसला दाखवला असं सिद्ध होत नाही. पण सोडा, अल्बम तोच लावून बसलेय.

बेसगिटारवाला

भांडा पण गाणी सांगत भांडा. मी आज 'सॅम स्टोन' ऐकलं, १९७२ च्या अल्बमवरचं. मूळ गाणं जॉन प्राइन या गायक-गीतकाराचं, व्हिएतनामहून परत आलेला सैनिक, गुडघ्यात छर्रे, हातात सुई, घरात पोरं. प्राइन ते गिटारवर पुटपुटल्यासारखं गातो. स्वॅम्प डॉगने त्याला चर्चमध्ये नेऊन बसवलंय, ऑर्गन, सावकाश चाल, आणि प्रत्येक कडव्यात आवाज थोडा थोडा फाटत जातो. दोन्ही पाठोपाठ ऐका. मला हे जास्त लागलं. प्राइनचे चाहते मारतील.

तबकडी

मारणार नाहीत, खुद्द प्राइनला ते आवडायचं. आणि या दोघांची गोष्ट पुढे अजून आहे. २०२० च्या मार्चमध्ये स्वॅम्प डॉगचा कंट्री अल्बम आला, नॅशव्हिलला केलेला, 'सॉरी यू कुडन्ट मेक इट'. त्यात दोन गाण्यांत प्राइन गायलाय. त्यातलं एक 'प्लीज लेट मी गो राउंड अगेन', दोन म्हातारे आयुष्याकडे अजून एक फेरी मागतायत. ७ एप्रिलला प्राइन कोविडने गेला, अल्बम येऊन जेमतेम महिना. आणि २०२४ ला स्वॅम्प डॉगचा 'ब्लॅकग्रास' निघाला तो प्राइनच्या 'ओ बॉय' कंपनीकडून. बँजो, फिडल, मँडोलिन घेऊन केलेला अल्बम, वय ८१. बँजोची मुळं आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या लोकांकडे जातात, तेव्हा हे आमचंच आहे, परत घ्यायला आलोय, असा सगळा अल्बमचा पवित्रा.

निमासाठी खास: त्यात 'टू द अदर वुमन' परत आहे, मार्गो प्राइस ही कंट्री गायिका गायलीय. कमोडोर्सचं १९६९ चं 'राइज अप' पण आहे. म्हातारा आपल्या जुन्या वह्या काढून बसलाय.

चहाबाज

आणि मध्ये तो ऑटोट्यूनवाला (मशीनने आवाज सुरात आणतात तो) प्रकार काय आहे? मी 'लव्ह, लॉस अँड ऑटोट्यून' लावलं आणि दोन मिनिटांत बंद केलं. एवढा चांगला गळा, त्याला मशीनमध्ये कशाला घालायचं? म्हातारपणी पोरांनी फसवलं का त्याला?

गच्चीवरचा रेडिओ

फसवलं वगैरे नाही, उलट खाज त्यालाच होती. २०१८ चा अल्बम, मिनियापोलिसचा रायन ओल्सन प्रोड्यूसर, आणि बॉन इव्हेर बँडचा जस्टिन व्हर्नन पण त्यात आहे. ७५-७६ व्या वर्षी लोक स्वतःच्या जुन्या हिट गाण्यांचे कार्यक्रम करतात, याने जुनी 'आन्सर मी, माय लव्ह' सारखी प्रेमगीतं घेतली आणि आवाज पार वितळवून टाकला. सुरात आणण्यासाठी केलेलं नाहीये ते, आवाज तुटका, भुतासारखा करण्यासाठी केलंय. बायको गेलेला माणूस रिकाम्या घरात जुनी गाणी गातोय हे डोक्यात ठेवून परत ऐक. नाहीच आवडलं तर राहू दे, मलाही सगळा अल्बम झेपत नाही. २०२२ च्या अल्बमचं नावच त्याने ठेवलं, मला नोकरी हवीय म्हणजे अजून ऑटोट्यून विकत घेता येईल. तुझ्यासारख्यांनाच उत्तर दिलंय बघ.

बेसगिटारवाला

एक माहितीचा तुकडा: ऑटोट्यून ज्याने बनवलं तो अँडी हिल्डेब्रँड आधी तेल कंपन्यांसाठी जमिनीखालच्या लहरींच्या नोंदींवर काम करायचा. ते गणित गळ्याला लावलं, १९९७ मध्ये.

नॉरफोकची काकू

त्याच्यावरचा माहितीपट बघितला का कुणी? 'स्वॅम्प डॉग गेट्स हिज पूल पेंटेड'. आयझॅक गेल आणि तोच रायन ओल्सन यांनी केलाय, २०२४ मध्ये ऑस्टिनच्या साउथ बाय साउथवेस्टला पहिल्यांदा दाखवला. लेकीने लावून दिला. लॉस एंजेलिसजवळ सॅन फर्नांडो व्हॅलीतलं साधं बैठं घर, त्यात हा आणि त्याचे दोन संगीतकार मित्र, गिटार शॉर्टी आणि मूगस्टार, वर्षानुवर्षं एकत्र राहतायत. मागच्या अंगणातला पोहण्याचा तलाव चित्रकाराकडून रंगवून घेतायत आणि बाजूला खुर्च्या टाकून जुन्या गोष्टी. गिटार शॉर्टी म्हणजे डोक्यावर उभा राहून गिटार वाजवणारा ब्लूजवाला हो! तो २०२२ मध्ये गेला, त्याचा भाग बघताना डोळे पुसावे लागतात. आणि याची मुलगी न्यूरॉलॉजिस्ट आहे, तिच्याशी बोलतानाचा बाप बघा, कुत्रा-बित्रा सगळं गळून पडतं.

शंकासुर

ठरलं, वीकेंडला बघतो. तोवर ऐकायला क्रम सांगा. उंदीर आधी की नंतर?

गच्चीवरचा रेडिओ

माझा क्रम: आधी 'टोटल डिस्ट्रक्शन'मधलं 'सिंथेटिक वर्ल्ड', मग डोरिसचा पूर्ण अल्बम एका बैठकीत, मग 'सॅम स्टोन', मग उंदीर. फ्रेडी नॉर्थ आणि पेचेकचं 'शी'ज ऑल आय गॉट' पाठोपाठ. 'ब्लॅकग्रास' शेवटी. एस्थर फिलिप्स या गायिकेबरोबरचं १९८१ चं द्वंद्वगीत पण शोध, आपलं प्रेम दोन मेलेल्या माश्यांच्या लायकीचं नाही असं म्हणत दोघं भांडतात, ते बायकोबरोबर ऐकायचं की नाही ते तुझं तू बघ.

निमा

क्रम चुकलाय. आधी डोरिस.

चहाबाज

ऑटोट्यून परत लावलं. तिसऱ्या गाण्यापर्यंत गेलो. उद्या बघू.